शहरातल्या बेघर तरुण पोरापोरींची मोजणी कशी करायची

२०११ च्या जनगणनेत बेघर लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती, देशभरात १७ लाखांवर माणसं निघाली, त्यातली २ लाखांवर आपल्या महाराष्ट्रात. पण मोजली गेली ती फुटपाथवर, फलाटावर, पुलाखाली अशी उघड्यावर झोपलेली माणसं. एकोणीस वर्षांचा पोरगा हॉटेलात भांडी घासून रात्री तिथल्याच टेबलावर आडवा होतो, एखादी पोरगी घर सोडून आज या मैत्रिणीकडे उद्या त्या मैत्रिणीकडे राहते, ही मुलं असल्या मोजणीत सापडतच नाहीत. म्हणून तरुणांसाठी वेगळी मोजणी लागते आणि ती एखादी संस्था, कॉलेजचा एनएसएसचा ग्रुप आणि रस्त्यावर राहिलेली दोन-चार पोरं मिळून नक्की करू शकतात. मी पुणं डोळ्यासमोर ठेवून सांगतोय, तुम्ही आपल्या गावाप्रमाणे जागा बदला.

सगळ्यात आधी कोणाला मोजायचं ते कागदावर लिहून काढा. १८ ते २४ हा मुख्य गट, आणि १८ च्या आतली भेटली तर त्यांची नोंद वेगळी. उघड्यावर, निवारा केंद्रात, कामाच्या जागी किंवा दुसऱ्याच्या घरी तात्पुरतं, हे चार रकाने पुरतात.

मग जागांची यादी. नकाशा बघून ती होत नाही. पुणे स्टेशन, स्वारगेट, मार्केट यार्ड ही नावं कोणीही सांगेल, पण कुठल्या दुकानाच्या पायरीवर कोण झोपतं हे रात्रीचा चहावाला, हमाल, भंगारवाला आणि सार्वजनिक शौचालयावर बसणारा माणूस सांगतो. प्रत्येक टीममध्ये स्वतः रस्त्यावर राहिलेलं एक जण हवंच, आणि त्याला रात्रीचे पैसे द्या, फुकट राबवू नका!

तारीख जपून निवडा. पालखीत आणि गणपतीत शहरात बाहेरची माणसं मुक्कामाला असतात, मंडपात कार्यकर्ते झोपलेले असतात, आकडा फुगतो. पावसाळ्यात पोरं आडोशाला पांगतात. जानेवारी-फेब्रुवारी बरा. स्टेशनसाठी रेल्वेची आणि लोहमार्ग पोलिसांची परवानगी लेखी घ्या, पण पोलिसांना सोबत फिरवू नका, खाकी दिसली की पोरं रूळ ओलांडून पसार होतात.

आता प्रश्न, आणि माझ्या मते अख्खी मोजणी यावरच उभी आहे. "तू बेघर आहेस का?" असं कधीच विचारायचं नाही, कोणीही नाहीच म्हणेल. "कुठे राहतोस?" विचारलं तर गावाचं नाव येतं. "काल रात्री कुठे झोपलास?" असं विचारा, लगेच उत्तर येतं, "दोन नंबरच्या फलाटावर," नाहीतर "शेठच्या गाळ्यात." त्यापुढे "आणि परवा?" एवढं विचारलं तरी बरंच चित्र उभं राहतं. झोपलेल्याला उठवू नका, अंदाजे वय लिहून वेगळी खूण करा. फोटो अजिबात नको.

एकच पोरगा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावाची पहिली दोन अक्षरं, आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मसाल असा कोड करा. पूर्ण नाव लिहायची गरज पडत नाही आणि कागद हरवला तरी कोणाचं काही उघडं पडत नाही.

रात्री अकरानंतर निघा, तिघांची टीम, त्यात एक बाई असावी. पण पोरी रात्री दिसत नाहीत, त्या जीव मुठीत धरून कुठेतरी आत असतात किंवा रात्रभर चालत्या-फिरत्या असतात, त्यामुळे नुसत्या रात्रीच्या फेरीवर थांबलात तर आकडा पोरांचाच येईल. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी नाष्ट्याच्या गाड्या, शौचालयं, अन्नदान चालतं ती देवळं आणि दर्गे, मजूर अड्डे इथे जाऊन त्याच रात्रीबद्दल विचारा. या दिवसांत नव्याने भेटणाऱ्यांनाही "मोजणीच्या रात्री कुठे होतीस?" हाच प्रश्न, म्हणजे सगळं एका रात्रीचं राहतं.

१८ च्या आतलं एकटं मूल भेटलं तर नुसतं मोजून पुढे जाता येत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे २४ तासांत १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, पोलिसांना किंवा बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. म्हणून समितीशी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी आधीच बोलून ठेवा, फोन कोण करणार आणि गाडी येईपर्यंत मुलाजवळ कोण थांबणार हे ठरवा. आणि मुलाला खरं सांगा, गोड बोलून बसवून ठेवलं तर तो पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नाही.

शेवटी कोड जुळवून दुबार नोंदी काढून टाका, झोपलेल्यांचा अंदाज वेगळा दाखवा. मग महापालिकेच्या समाज विकास विभागात जाऊन बसा. केंद्राच्या शहरी बेघरांच्या योजनेत दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा निवारा धरला होता, तर आपल्याकडे किती आहेत, त्यात तरुण पोरींना झोपता येईल अशा जागा किती, हे आकडा समोर ठेवून विचारा. आणि तोच आकडा स्टेशनवर परत जाऊन ज्या पोरांनी उत्तरं दिली त्यांनाही सांगा, महापालिका काय म्हणाली तेही.