सेन्सर बदलण्याआधी जरा थांबा: लँडिंग गिअरच्या कामातल्या या चुका टाळा

नवं पोरगं रात्रपाळीला येतं, टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तक्रारवहीत, 'प्रॉक्सिमिटी सेन्सर' एवढे दोन शब्द वाचतं आणि थेट स्टोअरकडे पळतं. सेन्सर बदलला, टेस्ट ओके, सही ठोकली, चहा. दोन दिवसांनी तोच स्नॅग, म्हणजे बिघाड, परत. हे बघून बघून आता कंटाळा आलाय, म्हणून लिहितोय.

विमान जमिनीवर आहे की हवेत, हे लँडिंग गिअरवरच्या या सेन्सरवरून ठरतं, पण मुळात तो जमीन बघतच नाही. समोरची धातूची पट्टी, म्हणजे टारगेट, जवळ आहे की लांब, एवढंच त्याला कळतं. त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की स्ट्रट (चाकांवरचा दबणारा खांब) दबलाय, म्हणजे विमान जमिनीवर आहे. त्या एका 'हो'च्या मागे मग सगळी वरात निघते. स्पॉयलर (पंखांवरच्या उचल मोडणाऱ्या फळ्या) उघडतात, इंजिनाचा झोत पुढे वळवणाऱ्या रिव्हर्सरला परवानगी मिळते, केबिनमध्ये उरलासुरला दाब सोडला जातो, चाकं आत घेण्याचा, कॉकपिटमधला गिअरचा दांडा वर जाऊ नये म्हणून अडकून बसतो. एअरबस ए-३२० वर ऑटोब्रेकसुद्धा स्पॉयलर उघडायची वाट बघतो. त्यामुळे तक्रार ब्रेकची आणि दुखणं स्ट्रटजवळच्या वायरीत, असं सर्रास होतं.

काही वर्षांपूर्वी ऐन जुलैत, मुंबईत, एका ए-३२० ने आम्हाला असंच नाचवलं. हवेत वॉर्निंग यायची आणि विमान उतरलं की गायब. तीन रात्रींत दोन सेन्सर बदलून झाले, कॉम्प्युटरही अदलाबदल करून झाला. चौथ्या रात्री विमान जॅकवर होतं. स्ट्रट पूर्ण लांबला होता आणि टॉर्क लिंकपाशी (स्ट्रटवरच्या कात्रीसारख्या सांध्यापाशी) जिथे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वाकतो तिथे मी हात लावला, तर वर कॉकपिटमधला पोरगा ओरडला, "सर, रीडिंग उडालं!" स्लीव्ह कापून बघितली. क्लॅम्पखाली वायर घासून घासून दोन-तीन तारांवर लटकत होती. विमान जमिनीवर असताना हार्नेस सैल, तारा एकमेकींना चिकटलेल्या, म्हणून सगळं ठणठणीत. स्ट्रट लांबला की ताण येऊन तारा सुटायच्या. काढलेले दोन्ही सेन्सर पुढे शॉपमधून 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी घेऊन परत आले. फुकटची हमाली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी फडकं आणि टॉर्च, कारण ग्रीस आणि चिखल टारगेटवर बसलेला असतोच. मग हार्नेस हाताने हलवायचा. मग कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट थर आहे का बघायचा. त्यानंतर फीलर गेजने, म्हणजे पातळ मापपट्ट्यांनी, सेन्सर आणि टारगेटमधली गॅप, आणि तीही मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून. "डोळ्यांना बरोबर दिसतंय" म्हणणाऱ्याच्या हातात मी मुद्दाम गेज देतो. स्टोअरची पायरी या सगळ्यानंतर. (कनेक्टरवर क्लीनरचा फवारा मारून ओलाच बंद करणारे वीर वेगळेच.)

दुसरी चूक स्ट्रटमध्ये नायट्रोजन अंदाजाने भरण्याची. दाब, तापमान आणि स्ट्रटच्या चकचकीत क्रोम दांड्याची उघडी लांबी हे तीनही तक्त्याशी जुळलं पाहिजे. जास्त भरलेला स्ट्रट हलक्या लँडिंगला लवकर दबत नाही, आणि तो दबल्याशिवाय सेन्सर 'जमीन' म्हणत नाही. या उशिराची किंमत काय असते ते १४ सप्टेंबर १९९३ ला वॉर्सात दिसलं. लुफ्तान्साचं ए-३२० ओल्या धावपट्टीवर आधी उजव्या चाकांवर टेकलं. डावी चाकं टेकायला आणखी ९ सेकंद गेले, तोवर २८०० मीटरच्या धावपट्टीतले १५२५ मीटर संपले होते. स्पॉयलर उघडायला एकतर दोन्ही स्ट्रट दबायला हवे होते, नाहीतर चाकं ७२ नॉटच्या वेगाने फिरायला हवी होती. पाण्यावर चाकं तशी फिरेनात. दोघांचा जीव गेला. तिथे सेन्सर बिघडला नव्हता, त्याने जे पाहिलं तेच सांगितलं. तक्ता न बघता नायट्रोजन भरणारा तो उशीर आपल्या हाताने वाढवतो.

चाक बदलताना हबकॅप तिरकी बसवून चाकाचा वेग मोजणाऱ्या टॅकोमीटरचा ड्राइव्ह वाकवणं, ही घाईची खूण. ब्रेक लावताना चाक घसरू न देणाऱ्या अँटिस्किडला त्या चाकाचा वेग शून्य दिसतो. चाक लॉक झालंय असं समजून तो तिथला ब्रेक सोडून देतो. शेजारच्या चाकांच्या टॅकोच्या वायरी उलटसुलट जोडल्या तर त्याहून वाईट: घसरणारं चाक घासत राहतं आणि सुटतं ते बिचारं चांगलं. टायरवरचा सपाट डाग बघून मग वैमानिकाला दोष द्यायचा.

टेस्टसाठी ओढलेल्या सर्किट ब्रेकरला कॉलर (तो परत दाबला जाऊ नये म्हणून अडकण) आणि टॅग लावा. काम संपल्यावर टॅग मोजून काढा.

आणि ग्राउंड पिन, म्हणजे जमिनीवर गिअर मिटू नये म्हणून घालायची खीळ. जून २०२१ मध्ये हीथ्रोला ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७८७ वर एकाने बोटाने जागा दाखवली आणि दुसऱ्याने शिडीवर चढून पिन घातली, ती शेजारच्या भोकात. मग कामाचा भाग म्हणून दांडा वर केला आणि नाक खाली बसलं. दांड्याला हात लावण्याआधी मी स्वतः शिडी चढतो, पिन धरून हलवतो. जुनी पोरं हसतात, हसू देत.