टावर आणि पायलटचं बोलणं कसं समजून घ्यायचं

आमच्या घरावरून विमानं जातात, सोनेगावला (नागपूरचं विमानतळ) उतरायच्या आधी चाकं मोजता येतील इतक्या खालून, त्यामुळे आत पायलट टावरशी, म्हणजे विमानतळावरून विमानांना सूचना देणाऱ्यांशी, काय बोलून राहिला असेल ही उत्सुकता जुनीच. नेटवर अशी रेकॉर्डिंग बरीच सापडतात, पण पहिल्यांदा ऐकाल तर लिलाव चालू आहे असंच वाटेल. मी आधी शब्दांची यादी पाठ करत बसलो, महिनाभर फुकट गेला. तुम्ही आधी वाक्य कसं रचलेलं असतं ते पकडा.

हे घ्या, मी बनवलेलं उदाहरण, टावरवाला पायलटला सांगतो: "आयफ्लाय सिक्स वन टू, रनवे थ्री टू, क्लिअर्ड टू लँड, विंड थ्री फोर झिरो डिग्रीज, एट नॉट्स."

सगळ्यात आधी ज्याला सांगायचं त्याचं नाव, आयफ्लाय म्हणजे इंडिगो. मग रनवे, म्हणजे धावपट्टी. 32 म्हणजे होकायंत्रावर साधारण 320 अंश, शेवटचं शून्य गाळतात, आणि तीच पट्टी दुसऱ्या टोकाकडून आलात की 14 होते, म्हणून नागपूरची पट्टी एकच असून नावं दोन. क्लिअर्ड टू लँड म्हणजे उतरायला परवानगी. वाऱ्याचा आकडा मात्र वारा कुठून येतो त्याचा असतो, कुठे जातो त्याचा नाही, इथे बरेच जण फसतात (मी पण). म्हणजे वरच्या उदाहरणात वारा जवळपास समोरून आहे, उतरायला मस्त. आठ नॉट म्हणजे ताशी 15 किलोमीटरच्या आसपास.

आता पायलट काय करतो, तर नुसतं "ओके" म्हणत नाही, महत्त्वाचं सगळं परत म्हणून दाखवतो (वारा सोडला तरी चालतो): "रनवे थ्री टू, क्लिअर्ड टू लँड, आयफ्लाय सिक्स वन टू." याला रीडबॅक म्हणतात, आणि इथे स्वतःचं नाव शेवटी येतं. आईनं फोनवर सांगितलं अर्धा किलो पोहे, पाव किलो शेंगदाणे अन् कढीपत्ता, आपण "हो हो" म्हणून मोकळे होतो नं आणि कढीपत्ता विसरून घरी येतो, तसं इथे चालत नाही. टावरवाला रीडबॅक कान देऊन ऐकतो, आकडा चुकला तर लगेच "निगेटिव्ह" म्हणून पुन्हा सांगतो.

रोजर म्हणजे "हो" नाही भाऊ, पिक्चरवाल्यांनी वाट लावली आहे त्या शब्दाची. रोजर म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं, बस. सांगितलं तसं करतो म्हणायचं तर विल्को, हो म्हणायचं तर अफर्म, जमत नसेल तर सरळ अनेबल.

एवढा काटेकोरपणा काऊन? 27 मार्च 1977 ला टेनेरिफ या स्पेनच्या बेटावर धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा पायलट टेकऑफसाठी निघालाच होता, रेडिओवर "वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ" असं गेलं, टावरला वाटलं जागेवर उभा आहे, आणि तिकडून उत्तराची सुरुवात झाली "ओके"नं. तेव्हापासून टेकऑफ हा शब्द परवानगी देताना नाहीतर ती रद्द करतानाच वापरायचा, बाकी वेळी डिपार्चर.

स्क्वॉक ऐकलं की गोंधळू नका, तो रडारवर ओळख पटवणारा चार आकडी कोड. त्यात 8 आणि 9 कधीच नसतात. 7700 म्हणजे इमर्जन्सी, 7600 म्हणजे रेडिओ बंद, 7500 म्हणजे अपहरण. मेडे तीनदा म्हणतात, जीवावर बेतलं तरच, त्याच्या खालची पायरी पॅन-पॅन.

आता सराव. अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली पाठ करत बसू नका, अजनी चौकात सिग्नलला उभे असाल तेव्हा समोरच्या गाडीची नंबर प्लेट वाचा. एमएच 31 म्हणजे माइक हॉटेल ट्री वन. हो, थ्रीला ट्री आणि नाईनला नायनर म्हणायचं असा नियम आहे, नायनर यासाठी की खरखरीत फाइव्ह आणि नाईन सारखेच ऐकू येतात. प्रत्यक्षात बरेच पायलट थ्रीच म्हणतात ते सोडा. मी एकदा जोरात वाचत होतो तर पुढच्या ऑटोवाल्यानं वळून विचारलं, "काय झालं भाऊ, चालान?"

आणि हो, हातातला रेडिओ मागवून घरी ऐकायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे त्याला परवाना लागतो. बाहेरच्या देशांतली रेकॉर्डिंग ऐका, पहिले चार दिवस फक्त कोणाचं नाव कुठे येतं तेवढंच पकडा.