हत्तीवर वादविवाद घ्यायचा असेल तर

शिरोळ तालुक्यात मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते आणि मुलांचे वादविवाद बसवते. २०२५च्या जुलैत नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, म्हणजे इथल्या लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत जामनगरच्या वनतारा या प्राणी-संगोपन केंद्रात गेली. तेव्हापासून आमच्याकडे मुलांना दुसरा विषयच सुचत नाही. जिला लहानपणी केळी भरवली, तिच्याबद्दल बोलताना मुलांचा आवाज चढतो, डोळे भरतात. असा विषय टाळू नये, पण तो तयारीने घ्यावा. माझी तयारी कशी असते ते सांगते.

सुरुवात विषयाच्या वाक्यापासून. ‘मठ-मंदिरात हत्ती असावा की नसावा’ असा विषय अजिबात देऊ नका. त्यावर एक बाजू परंपरेवर बोलते, दुसरी कायद्यावर, आणि हत्ती कुणाच्याच भाषणात येत नाही. मी असं वाक्य देते: ‘तीस वर्षं एका गावात राहिलेल्या हत्तिणीला उपचारांसाठी त्या गावापासून दूर नेणं योग्य आहे.’ यात तिचं दुखणंही आलं आणि तिची ओळखीची माणसंही आली. कुठल्याही बाजूने बोला, तिच्याकडे बघावंच लागतं.

मग घटनेचा एक कागद सगळ्यांना सारखाच वाटायचा. पायांचं दुखणं, वाढलेली नखं, संधिवात अशा तक्रारी झाल्या, बंदिवासातल्या हत्तींचे प्रश्न पाहणाऱ्या उच्चाधिकार समितीने पाहणी केली. मुंबई उच्च न्यायालयाने धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा हत्तिणीच्या चांगल्या जगण्याच्या हक्काला वरचं स्थान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मठाचं म्हणणं होतं की आम्ही तिला जिवापाड सांभाळलं. ऑगस्टमध्ये हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत मूकपणे चालत गेले. पुढे नांदणी परिसरातच केंद्र उभारण्याची तयारी वनताराने दाखवली. एवढंच लिहायचं. मोबाइलवर फिरलेले व्हिडिओ वर्गात आणायचे नाहीत, ही अट मी कधीच सैल करत नाही.

आता साहित्य. इथे घाई करू नका, खरा अभ्यास इथेच होतो. फळ्यावर दोन रकाने आखायचे: ‘हत्ती कशासाठी आला?’ आणि ‘हत्तीचं काय झालं?’ प्रत्येक गोष्ट वाचून दोन्ही रकाने भरायचे.

मी द्रोणपर्वापासून सुरुवात करते. भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो, युधिष्ठिर अर्धसत्य बोलतो, जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या युधिष्ठिराच्या सत्यावर वाद घालतो. पण तो हत्ती शत्रूचा नव्हता. तो मालवराज इंद्रवर्म्याचा, म्हणजे पांडवांच्याच बाजूचा. एक वाक्य खरं ठरावं म्हणून आपल्याच सैन्यातला प्राणी मारला गेला. दुसऱ्या रकान्यात हे लिहिलं की वर्ग शांत होतो. त्या शांततेत काही बोलू नका. मुलांना लिहू द्या.

गजेंद्रमोक्षावर कमी वेळ दिला तरी चालतो. भागवताच्या आठव्या स्कंधातला तो हत्ती पूर्वजन्मीचा इंद्रद्युम्न राजा, अगस्त्यांच्या शापाने हत्ती झालेला. त्याची हाक शेवटी माणसाचीच हाक आहे.

तुकोबांचा अभंग मात्र पुन्हा पुन्हा वाचून घ्या. ‘लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा ॥ ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार ॥’ मुलांना हा पाठ असतो आणि नम्रतेचा उपदेश म्हणून ती तो म्हणून टाकतात. त्यांना विचारा, अंकुश पाहिलाय का? लोखंडी टोकाचं ते हत्यार हत्तीच्या कानामागे, डोक्यावर टोचतात. ऐरावत समुद्रमंथनातून निघालेलं रत्न, साक्षात इंद्राचं वाहन, आणि तुकोबांना त्याच्याबद्दल सांगावंसं वाटलं ते त्याला बसणाऱ्या माराबद्दल. उपदेश माणसाला आहे हे खरंच, पण तो उभा आहे हत्तीला होणाऱ्या खऱ्या वेदनेवर. थोर म्हणून मिरवणं आणि मार खाणं एकाच जिवाच्या वाट्याला येतं, हे एवढ्या थोड्या शब्दांत दुसरं कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

त्यानंतर अजिंठा. सतराव्या लेण्यात मातृपोषक जातकाचं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या एका गोष्टीचं चित्र आहे. आंधळ्या आईला सांभाळणारा हत्ती राजाच्या माणसांनी पकडून आणलेला असतो. त्याच्यापुढे उत्तम खाणं ठेवतात, तो तोंड लावत नाही. कारण कळल्यावर राजा त्याला सोडून देतो आणि तो आईकडे परत जातो. बंदिवासातल्या हत्तीचा प्रश्न परक्यांनी आणलाय, असं एखादं मूल म्हणालं तर त्याला हे चित्र दाखवा. आणि मठाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही हीच गोष्ट द्या, कारण तीतला हत्ती ओळखीच्या जिवापासून तुटलेला आहे. दोन्ही बाजूंना पुरेल इतकी ती मोठी आहे.

विषय नांदणीचा असल्यामुळे जैन परंपरेतली कथा हवीच. श्वेतांबर आगमांतल्या, म्हणजे धर्मग्रंथांतल्या ज्ञाताधर्मकथेत मेघकुमार या राजपुत्राच्या पूर्वजन्मीचा हत्ती येतो. वणव्यात सगळे प्राणी मोकळ्या जागेत दाटीने उभे असतात. अंग खाजवायला हत्ती पाय उचलतो, तेवढ्यात त्या जागी ससा येऊन बसतो. सशावर पाय पडू नये म्हणून तो अडीच दिवस पाय अधांतरी धरतो. शेवटी पाय टेकायला जातो तर तो आखडलेला असतो, आणि हत्ती कोसळतो. ही कथा सांगून झाली की लगेच हत्तीच्या पायाची माहिती द्या: तळव्याची मऊ गादी, सिमेंटच्या फरशीवर सतत उभं राहिल्याने होणाऱ्या जखमा, त्यात होणारा संसर्ग. दिवसाला साधारण दीडशे किलो चारा खाणारा, मैलोन्‌मैल चालणारा, माद्यांच्या कळपात वाढणारा हा प्राणी आहे. तज्ज्ञ बोलवायचा तर पशुवैद्यच बोलवा, वक्ता नको.

प्रत्यक्ष वादात माझा एक नियम असतो. प्रत्येक वक्त्याने निदान एक वाक्य हत्तिणीच्या शरीराबद्दल किंवा तिच्या सवयीबद्दल बोलायचं. ‘अस्मिता’, ‘श्रद्धा’, ‘क्रूरता’ हे शब्द वापरायला हरकत नाही, पण लगेच उदाहरण द्यायचं. एक मूल माहूत म्हणून उभं करा. त्याचं पोट त्या हत्तिणीवर असतं आणि तिला सर्वांत जवळून तोच ओळखतो, तरी अशा चर्चांत त्याला कुणी विचारत नाही.

मी माझं मत वाद संपेपर्यंत मुलांना सांगत नाही. इथे सांगते. साखळदंड आणि सिमेंट यांचं समर्थन करता येत नाही, मग बांधणाऱ्याची माया कितीही खरी असो. पण तिला नेताना गावाला विश्वासात घ्यायला हवं होतं, आणि उपचार जवळ होऊ शकत असतील तर ते जवळच व्हावेत.

दुसरी फेरी दोडामार्गची ठेवा. कर्नाटकातून २००२च्या सुमारास रानहत्ती सिंधुदुर्गात आले. नारळ, सुपारी, केळी, भात यांचं नुकसान अजून चालू आहे. २०२५च्या एप्रिलमध्ये मोर्ले गावात हत्तीच्या हल्ल्यात एका शेतकऱ्याचा जीव गेला. तिथले लोक हत्ती पकडून न्या म्हणतात, आमचे लोक हत्तीण परत आणा म्हणतात. पहिल्या फेरीत जे ‘परत आणा’ म्हणाले, त्यांना इथे बागायतदाराच्या जागी उभं करा, आणि ‘जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांना हत्तीच्या बाजूने.

गुण देताना आवाज आणि हावभावांना दहातले दोनच ठेवा. पाच गुण माहितीच्या खरेपणाला, आणि उरलेले तीन समोरच्याचा सर्वांत बळकट मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडून मग त्याला उत्तर देणाऱ्याला. निकाल त्याच दिवशी जाहीर करू नका. आदल्या दिवशी एकमेकांवर ओरडलेली मुलं दुसऱ्या दिवशी फळ्यावरचे दोन रकाने वहीत उतरवून आणतात. ते वाचून मगच परीक्षकांनी आकडे भरावेत.