‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ केलं, मग गाडी मिळाली

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या दापोलीकडच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, पाहुण्यांच्या खोल्यांचे पत्रे उडाले. कर्ज थकलं. शेवटी बँकेशी तडजोड करून थोडे कमी पैसे भरले. सुटलो वाटलं. कुठलं सुटणं! २०२४ मध्ये जुनी ईको गाडी कर्जावर घ्यायला गेलो, तर सिबिल रिपोर्टात, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’. म्हणजे पूर्ण फेडलेलं नाही. एक एजंट म्हणाला, ५ हजारांत पुसून देतो. असलं काही नसतं, नादी लागू नका.

सोडलेली रक्कम बँकेत विचारून हप्त्यांनी भरली, नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र घेतलं. तरी नोंद बदलेना. सिबिलच्या साइटवर पत्र जोडून तक्रार टाकली. ३० दिवसांत निपटारा नाही झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बाविसाव्या दिवशी ‘क्लोज्ड’, म्हणजे कर्ज पूर्ण फिटलं, असं दिसलं.

मधल्या काळात २५ हजारांच्या एफडीवर क्रेडिट कार्ड काढलं होतं. त्यावर फक्त पेट्रोल, आणि बिल तारखेआधी पूर्ण. सिबिल स्कोअर (कर्जफेडीचे गुण) ५८० चा ७१५ व्हायला दीड वर्ष गेलं.

निम्मी रक्कम रोख भरल्यावर ईको मिळाली. व्याज शेजाऱ्यापेक्षा जास्तच. हप्ता ५ तारखेला, मी पैसे १ लाच खात्यात ठेवतो.