मानवी रॅब५ए प्रथिनाची ट्यूब हाती आली, आता ती कशी वापरावी

पेशीने बाहेरून आत घेतलेला माल आधी एंडोसोम नावाच्या पुटिकांत उतरतो. कोणती पुटिका कोणाला जाऊन मिळेल हे ठरवण्यात रॅब कुटुंबाचा मोठा वाटा असतो. माणसात अशी साठाहून जास्त प्रथिनं आहेत. रॅब५ए ही सुरुवातीच्या एंडोसोमची पाटी. पुढे रॅब५ उतरतं, रॅब७ चढतं. गाडी तीच, पाटी बदललेली, अगदी एसटीसारखी. पेशीतल्या पुटिकांच्या या वाहतुकीवरच्या कामासाठी रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना २०१३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पार्सल आलं की आधी ड्राय आइस शिल्लक आहे का ते बघा. मग ट्यूबसोबतचा कागद नीट वाचा. प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवलं असेल, तर रॅबला पटलावर रोवून ठेवणारी स्निग्ध शेपटी त्याला नसते, कारण ती जोडणारी यंत्रणा जिवाणूत नाही. असं प्रथिन लायपोसोमवर (प्रयोगासाठी बनवलेल्या स्निग्ध पुटिकांवर) आपसूक बसेल या आशेवर राहू नका. शेवटच्या टोकाला हिस्टिडीनचा टॅग (निकेलला चिकटणारा छोटा जोड) असेल, तर निकेल धरणारे लिपिड घातलेले लायपोसोम घेऊन काम भागवता येतं. हा जुगाडच आहे, पण चालतो.

गोठलेलं प्रथिन बर्फावरच वितळवा, तळहातात धरून नाही. चार अंशांना दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवा. तळाला गाळ दिसला तर वरचं द्रावण काढून घ्या आणि त्याची तीव्रता पुन्हा मोजा. मग एका प्रयोगाला लागतील एवढे छोटे वाटे करा, द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. वितळलेला वाटा परत गोठवायचा नाही. उरला तर फेका. जीव तुटतो, पण फेका.

हिशोब सोपा आहे. रॅब५ए मध्ये २१५ अमिनो आम्लं असतात, वजन सुमारे २४ किलोडाल्टन. टॅग धरून २५ माना, म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असेल तर साधारण ४० मायक्रोमोलर. थोडं जेलवर (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या थरावर) चालवून पट्टी योग्य जागी आणि एकटीच आहे ना, हे पाहून घ्या.

आता खरी मेख. रॅब म्हणजे एक स्विच आहे: जीडीपी धरलं की बंद, जीटीपी धरलं की चालू (दोन्ही न्यूक्लिओटाइड नावाचे छोटे रेणू; जीटीपी तुटलं की जीडीपी उरतं). ट्यूबमधून येणारं प्रथिन बहुतेक वेळा जीडीपी धरूनच आलेलं असतं. ईईए१ या एंडोसोमवरच्या प्रथिनासारखे त्याचे जोडीदार चालू रॅबलाच धरतात. म्हणून ‘बाइंडिंग येत नाही’ अशी तक्रार करण्याआधी न्यूक्लिओटाइड बदला. जीटीपी हळूहळू का होईना, तुटतं; त्याऐवजी न तुटणारं जीएमपीपीएनपी किंवा अगदी सावकाश तुटणारं जीटीपी-गॅमा-एस प्रथिनाच्या वीसेक पट घ्या. बफरमध्ये जेवढं मॅग्नेशियम असेल त्याहून जास्त ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) घाला. मॅग्नेशियम ओढून घेतलं की न्यूक्लिओटाइडची पकड सैल होते. २५ अंशांना अर्धा तास ठेवा. मग ईडीटीएला पुरून उरेल एवढं मॅग्नेशियम क्लोराइड घाला, नाहीतर पकड परत घट्ट होत नाही आणि उघडं पडलेलं प्रथिन गोळा होऊ लागतं. शेवटी मोकळे न्यूक्लिओटाइड आणि ईडीटीए वेगळे करणाऱ्या छोट्या डीसॉल्टिंग कॉलममधून प्रथिन काढा. पुढच्या प्रत्येक बफरमध्ये मॅग्नेशियम हवंच.

कॉलमची ही पायरी मी एकदा गाळली होती. द्रावण थेट टॅगवालं प्रथिन धरणाऱ्या निकेलच्या मण्यांवर ओतलं. ईडीटीएने निकेल ओढून नेलं, निळसर मणी पांढरे पडले आणि प्रथिन धुऊन निघालं. मणी पांढरे दिसत असूनही मी शेवटपर्यंत धुत बसलो, हे वेगळंच.

जीटीपी तुटण्याचा वेग मॅलाकाइट ग्रीन या रंगद्रव्याने मोजणार असाल, तर फॉस्फेटचा बफर वर्ज्य. तो रंग फॉस्फेटमुळेच येतो, त्यामुळे प्रयोग सुरू होण्याआधीच सगळ्या नळ्या हिरव्या होतील.

आणि प्रत्येक वेळी एक नळी जीडीपी भरलेल्या रॅबची शेजारी लावा. चालू आणि बंद दोन्ही रॅबना जोडीदार सारखाच चिकटला, तर तो बहुधा रॅब धरणाऱ्या मण्यांना चिकटलाय, रॅबला नाही.