डोळे न उघडलेलं मांजराचं पिल्लू दूध घेत नसेल तर : माझा अनुभव

पार्किंगमध्ये आईविना सापडलेलं पिल्लू. आवाज क्षीण. बाटली तोंडाला लावली तरी चोखत नव्हतं, दूध ओठांच्या कडेने ओघळून जायचं. निप्पल बदललं, ड्रॉपर आणला, उपयोग शून्य. अगदी रडकुंडीला आले होते.

पशुवैद्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "तोंडात बोट घालून बघा, आतून गार लागतंय का?" लागत होतं. गार पडलेल्या पिल्लाला नीट चोखता येत नाही, दूध पचतही नाही. म्हणून आधी ऊब.

कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवली, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येतं. हेअर ड्रायर नको, ऊब हळूहळूच द्यायची. तोंड आणि पंजे बोटाला उबदार लागल्यावरच दूध. तेही पिल्लांसाठी मिळणारी पावडर कालवून. गाईच्या दुधाने जुलाब होतात. थेंब मनगटावर टाकून बघितला, पिल्लाला पोटावर ठेवलं, डोकं किंचित वर. बाळासारखं उताणं कधीच धरू नका, दूध फुप्फुसात जातं. या वेळी निप्पल तोंडात जाताच दोन्ही कान हलायला लागले. चोखत होतं!

पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच चोळायचं, शू होईपर्यंत. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना ते आपलं आपण जमत नाही. दूध दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं.

ऊब देऊनही अंग लुळंच राहिलं, तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.