नवी लेन्स घेण्याआधी या चुका टाळा

शिवडीच्या जेट्टीवर भर दुपारी काढलेले फ्लेमिंगो घरी मॉनिटरवर मोठे करून बघितले, तर चोच कुठे संपते आणि चिखल कुठे सुरू होतो तेच कळेना. लेन्सच मठ्ठ आहे असं ठरवून मी ती विकली आणि दुप्पट पैसे मोजून ‘रेझर शार्प’ म्हणून गाजवलेली झूम आणली. पुढच्या रविवारी तीच जेट्टी, तीच दुपार आणि तसाच गिचमीड फोटो. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरत होती, तिथे महागडी काच काय करणार? माझी जुनी लेन्स ज्याने घेतली तो सकाळी सातला जातो, भरतीचं पाणी चढताना पक्षी काठाकडे सरकतात तेव्हा. त्याच्या फोटोत पिसं दिसतात.

दुसरी चूक शटरची. एपीएस-सी (म्हणजे लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३०० मिमीची लेन्स लावून १/१२५ सेकंदाला हातात धरलं की फोटो हलणारच. किमान १/५०० ठेवा, उडत्या पक्ष्याला १/२०००. त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढली तर वाढू दे. त्याने येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सावरत नाही. आणि सगळंच शार्प यावं म्हणून लेन्सचं छिद्र एफ/२२ इतकं बारीक करू नका. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, उलट सगळंच मऊ होतं.

जाहिरातीतल्या एमटीएफ आलेखाचं, म्हणजे लेन्स किती शार्प ते दाखवणाऱ्या आलेखाचं म्हणाल, तर अनेक कंपन्या तो डिझाइनवरून गणिताने काढतात. तुमच्या हातातला नग कुणी मोजलेला नसतो. शिवाय ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो इन्स्टाग्रामवर १०८०चा होऊन जातो, तिथे कोपऱ्यातला फरक कोण बघतंय?

मुंबईची म्हणून एक खास चूक: एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढणं. काचेवर दव धरतं. दहा-पंधरा मिनिटं बॅग बंदच राहू द्या. पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंबू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे.

एवढं करूनही शंका उरलीच, तर भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवा. लेन्सपुढचा फुकट मिळालेला यूव्ही फिल्टर काढा, कॅमेरा ट्रायपॉडवर पानासमोर अगदी सरळ लावा, एफ/८, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) मोठा करून फोकस. चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता आली तर लेन्स ठणठणीत आहे. एकच कोपरा वारंवार धूसर आला, तर आतलं भिंग सरकलेलं असू शकतं. वॉरंटी संपायच्या आत सर्व्हिस सेंटर गाठा.